बारनिशी गेली, बारभाई आले

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डिजिटल डिटॉक्सवर पानभर लेख आलाय तो वाचला. झोपायच्या आधी तासभर फोन लांब ठेवा, नोटिफिकेशन बंद करा, आठवड्यातनं एक दिवस फोनचा उपास धरा, असं सगळं. त्यात चुकीचं काय न्हाई, माझी बायको पण हेच सांगते आणि फुकट सांगते. पण वाचताना सारखं वाटत होतं की लिहिणाऱ्यांनी शिरोली एमआयडीसीत डिस्पॅचच्या टेबलाला कधी आठवडाभर बसून बघितलेलं नसावं. आमच्याकडं फोनचा उपास धरला तर गाडी रस्त्यावर उभी राहते, खरोखरची गाडी. ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहतुकीच्या सरकारी ऑनलाईन कागदाची, मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी असते, कोल्हापूरहून चाकणला जायचं म्हणजे दोन दिवसाचं बिल, आणि मधे खंबाटकीला गाडी बंद पडली तर मुदत वाढवून घ्यायची ती संपायच्या आधीच्या आठ तासात नाहीतर संपल्यावरच्या आठ तासात, त्याच्या पुढं गेलं की मग दंडाची भाषा सुरू. म्हणजे ड्रायव्हरचा 'साहेब गाडी बंद पडल्या' हा मेसेज मला बघावाच लागतो. माझं दुखणं एवढंच आहे की तो मेसेज एका वाढदिवसाच्या केकच्या खाली आणि दोन 'नोटेड सर' च्या मधे दबलेला असतो.

म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण आमच्या आप्पांचा भाग तेवढा ठेवा.

मी बावीस वर्ष फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, आहे, सगळी वर्ष ऑफिसात, आधी स्टोअरला आणि मग प्लॅनिंग-डिस्पॅचला. लागलो तेव्हा ऑफिसात एक कॉम्प्युटर होता आणि एक फॅक्स. फॅक्सचा कागद लांबलचक सुरळी होऊन बाहेर यायचा, तो आला की साहेब स्वतः उठून बघायचे, कारण दिवसात आठ-दहाच यायचे. आता माझ्या फोनमधे एकतीस ग्रुप आहेत. घरचे, शाळेचे, गल्लीच्या तालमीचे, पाव्हण्यांचे धरून चौदा, बाकीचे सतरा निव्वळ ऑफिसचे. प्रॉडक्शनचा एक, क्वालिटीचा एक, प्रॉडक्शन आणि क्वालिटीचा मिळून एक (ह्या दोघांचं आपसात पटत न्हाई म्हणून तिसरा काढला), ट्रान्सपोर्टचा, प्रत्येक मोठ्या कस्टमरचा वेगळा, मेन्टेनन्सचा, लाईट गेली की सांगायचा, सेफ्टीचा, आणि एक असा आहे की तो कशासाठी काढला ते आता कुणालाच आठवत न्हाई पण सोडून जायची कुणाची छाती होत न्हाई. त्याच्यावर ई-मेल. त्याच्यावर कस्टमरची पोर्टलं, प्रत्येकाचं वेगळं, प्रत्येकाचा पासवर्ड नव्वद दिवसांनी बदलायचा. त्याच्यावर ओटीपी.

एकदा बसून मोजलं. जुन्या गेटपासच्या पाठीवर काड्या ओढत बसलो, चार उभ्या एक आडवी, दूधवाला ओढतो तशा. संध्याकाळी सहापर्यंत ऑफिसच्या ग्रुपवर चारशेच्या वर मेसेज झाले. त्यातले मी काहीतरी करायला पाहिजे असे तेवीस. आणि ते तेवीस शोधायला मी बाकीचे सगळे उघडले, हे आपलं काम.

आता काय घडलं ते सांगतो. फौंड्रीचं नाव लिहीत न्हाई, पोटाचा प्रश्न आहे. आमच्याकडं एका हाऊसिंगचं, म्हणजे मशीनच्या कवचाचं, काम चालतं, कास्टिंग (ओतलेला तुकडा) अकरा किलोच्या आसपास. कस्टमरनं ड्रॉईंगमधे बदल केला, एका बॉसची (साहेब न्हवं, कास्टिंगवरचा उंचवटा) जाडी आठ एमएमची दहा केली. आमच्या डेव्हलपमेंटच्या पोरानं नवीन ड्रॉईंगची पीडीएफ संध्याकाळी पावणेसातला ग्रुपवर टाकली, वर लिहिलं 'रिव्हिजन सी, कृपया नोंद घ्यावी'. बास. त्याच दिवशी क्वालिटीच्या सुपरवायझरचा वाढदिवस होता. पीडीएफच्या पाठोपाठ केक सुरू झाले ते रात्री दहापर्यंत चालले, एकानं तर हलणारा केक पाठवला, फुंकर मारली की मेणबत्ती विझणारा. पॅटर्न शॉपचा, म्हणजे साचा पाडायचा नमुना जिथं बनतो तिथला, फोरमन त्या ग्रुपमधेच नव्हता, तो दुसऱ्यात होता. आणि रात्रपाळीचे मोल्डिंगचे गडी ग्रुपमधे होते पण पोअरिंग चालू असताना त्या भागात फोन न्यायला बंदी आहे, आणि ती असलीच पाहिजे, चौदाशे डिग्रीच्या आसपासचं लोखंड लॅडलमधनं ओतायचं असतंय, तिथं खिशात टुंग वाजलं आणि माणसानं खाली बघितलं तर काय होईल ते सांगायला नको. त्यांनी मधल्या सुट्टीत फोन बघितले तर वर सगळे केकच केक. जुन्याच पॅटर्नवर एकशे चाळीस कास्टिंग ओतली. फेटलिंग झालं, शॉट ब्लास्टिंग झालं, म्हणजे घासून साफसफाई झाली, मी स्वतः गाडी भरून दिली. कस्टमरच्या दारात तपासणीला पहिलंच कास्टिंग मोजलं आणि सगळी लॉट परत.

बाहेरच्या माणसाला वाटतं की लोखंडच आहे, परत वितळवा. ते वितळवतोच. लोखंड वाया जात न्हाई पण वीज जाते, वाळू जाते, गड्यांची रात्र जाते, दोन्ही बाजूचं भाडं जातं आणि वर कस्टमरची डेबिट नोट येते, म्हणजे आपल्या बिलातनं पैसे कापल्याचा कागद. दीड टनाचा माल पुण्याच्या बाजूला फिरायला जाऊन आला.

खरी गंमत दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमधे. डेव्हलपमेंटच्या पोरानं फोन पुढं केला. "हे बघा सर, टाकलंय ग्रुपवर." त्या मेसेजवर दाबून धरलं की कुणी कुणी वाचलं त्याची यादी येते, ती पण काढून दाखवली. एकोणतीस जणांनी वाचलेलं! त्यात मी पण होतो. माझ्या नावापुढं वेळ पण होती, सात वाजून चार मिनिटं. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. बहुतेक शिये फाट्याजवळ चहाला थांबलेलो, अंगठ्यानं वर सरकवत गेलो असणार. अकौंटच्या मॅडम म्हणाल्या, "मी पण बघितलो होतो, मला वाटलं क्वालिटीवाले बघत्यात." क्वालिटीवाल्यांना वाटलं पॅटर्नवाले बघत्यात. पॅटर्नवाला ग्रुपमधेच न्हाई. आणि कुणाची चूक असं विचारलं तर कुणाचीच न्हाई, कारण टाकणाऱ्यानं टाकलंय आणि वाचणाऱ्यांनी वाचलंय. मीटिंग संपली तेव्हा एकच निर्णय झाला, की अशा बदलांसाठी एक नवीन ग्रुप काढायचा.

घरी येऊन हे सगळं आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणजे माझे वडील, महसूल खात्यातनं अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले त्याला वीस वर्षाच्या वर झाली. कानानं कमी ऐकू येतं पण डोकं शाबूत आहे. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"आवक नंबर काय पडला त्याला?"

म्हटलं, "नंबर नसतोय आप्पा त्याला, मेसेज असतोय."

"बरं. मग मार्क कुणाच्या टेबलाला केला?"

"सगळ्यांच्याच. ग्रुप हाय न्हवं का, शेहेचाळीस जण हाईत."

त्यावर आप्पा हसले नाहीत, चिडले. "लेका, शेहेचाळीस टेबलांना एकच टपाल मार्क केलं म्हंजे कुणालाच केलं न्हाई. आमच्यात असं केलं असतं तर भाऊसाहेबांनी कागद तोंडावर फेकला असता."

नवीन पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो. सरकारी ऑफिसात टपाल येतं ते पहिल्यांदा बारनिशीला येतं. तिथं त्याच्यावर शिक्का बसतो, तारीख पडते, आवक नंबर पडतो, कुणाच्या टेबलाला जायचं ते लिहिलं जातं आणि तो माणूस सही करून घेतो. मग तो आपल्या नोंदवहीत घेतो, आणि आठवड्याला गोषवारा काढायचा, किती आले किती निकाली किती शिल्लक. कागद हरवला तर शेवटची सही कुणाची ते बघायचं आणि त्याला धरायचं. म्हणजे एका कागदाला एका वेळी एकच धनी. आमच्याकडं आता कागदच न्हाई म्हणून बारनिशी गेली, आणि तिच्या जागी आले बारभाई. बारभाईचा कारभार म्हणतात तो आमच्या सतराच्या सतरा ग्रुपवर चालू आहे.

'टाकलंय ग्रुपवर' ही आमच्या ऑफिसातली सगळ्यात जास्त बोलली जाणारी ओळ आहे बघा. पूर्वी 'कळवलंय' म्हणायचे. कळवलंय म्हटलं की समोरच्याला कळलं का हे बघायची जबाबदारी कळवणाऱ्यावर राहायची. 'टाकलंय' मधे ती राहत न्हाई. कचरा टाकतात तसं टाकायचं, आणि शोधायचं काम बाकीच्या पंचेचाळीस जणांचं. एकाचं अर्धं मिनिट वाचतं आणि पंचेचाळीस जणांचं प्रत्येकी अर्धं जातं. माझ्या मते माहितीचा पूर जो म्हणतात तो इथनं सुरू होतो, फोनमुळं न्हाई. आणि तुमच्या लेखात सगळे उपाय घेणाऱ्यानं करायचे होते, पाठवणाऱ्याला एक शब्द न्हाई.

आप्पांनी आणखी एक सांगितलं ते माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ई-मेलला आपण सीसी करतो ना, ती सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाईपरायटरला कागद, कार्बन, कागद, कार्बन असं चढवायचं, चार-पाच प्रतीच्या पुढं अक्षर पुसट व्हायला लागायचं. जास्त पाहिजे असतील तर स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईल, हात काळे, साहेबाची परवानगी. त्यामुळं टाईप करायच्या आधी माणूस विचार करायचा की ह्याला खरंच द्यायची का प्रत. आणि पत्राच्या खाली लिहायचे, प्रत अमक्याला 'माहितीसाठी', प्रत तमक्याला 'पुढील कार्यवाहीसाठी'. ज्याला माहितीसाठी आलंय तो निवांत, ज्याला कार्यवाहीसाठी आलंय त्याची मान अडकली. आता व्हॉट्सअपच्या ग्रुपमधे आधी २५६ जण बसायचे, २०२२ मधे ते ५१२ झाले आणि त्याच वर्षी १०२४. हजारावी प्रत पण पहिलीसारखीच कुळकुळीत निघते. आणि खाली 'माहितीसाठी' का 'कार्यवाहीसाठी' ते कुठंच लिहिलेलं नसतं, ज्यानं त्यानं अंदाज बांधायचा.

माझं पोरगं इंजिनिअरिंगला आहे, ते मधेच बोललं की पहिला नेटवर्कवरचा ई-मेल रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरनं १९७१ ला पाठवला, आणि त्याच साली हर्बर्ट सायमन नावाच्या माणसानं, ज्याला पुढं १९७८ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, लिहून ठेवलेलं की माहिती वाढत जाईल तसा लक्षाचा दुष्काळ पडणार, कारण माहिती खाते काय तर वाचणाऱ्याचं लक्ष. आप्पा म्हणाले, मग मधल्या पन्नास वर्षात काय केलं सगळ्यांनी? पोरगं म्हणालं, ग्रुप काढले.

त्या रविवारी आप्पांनी माझा फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि म्हणाले, वाच एकेक. चहा झाला, परत चहा झाला, बायको दोनदा येऊन बघून गेली की हे बाप-लेक करतायत काय. आप्पांचा हिशोब सहा गठ्ठ्यांचा. महसुलात ही पद्धत मुरलेली आहे, कारकुनाच्या टेबलावरचा प्रत्येक कागद सहातल्या एका गठ्ठ्यात असलाच पाहिजे, सातवा गठ्ठा न्हाई. आज हातावेगळं करायचं ते एक. दुसऱ्याकडनं उत्तर यायचंय म्हणून थांबलेलं ते प्रतीक्षाधीन. ठराविक तारखेला पाठवायचं ते नियतकालिक. कायमचे हुकूम, ते स्थायी आदेश. काम संपलंय पण जपून ठेवायचंय ते अभिलेख कक्षाला. आणि शेवटचा 'ड', नाश करायचा. १९८० च्या दशकात नगरला अनिलकुमार लखिना कलेक्टर होते, त्यांनी दप्तर असं शिस्तीत लावून घेतलं की लखिना पॅटर्न म्हणून ते राज्यभर गाजलं, आप्पांच्या उमेदीच्या काळात तपासणी म्हटलं की हाच विषय. नंतर २०१७ ला चंद्रकांत दळवी साहेब पुण्याला विभागीय आयुक्त असताना झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही कागद शिल्लक न ठेवायची, मोहीम झाली, आपला कोल्हापूर जिल्हा त्याच विभागात, तेव्हा आप्पा रिटायर होते पण पेपरात वाचून खूश झालेले. आता सरकारी ऑफिसचं एवढं कौतुक करतोय म्हणून वाचणारे हसतील. चपला मी पण झिजवल्यात तिथं, सातबाऱ्याला. गठ्ठा बांधणं वेगळं आणि कागद हलवणं वेगळं हे आप्पा स्वतः कबूल करतात. पण कागद कुठं अडकलाय हे तरी तिथं सांगता येतं, आमच्याकडं तेवढंही न्हाई.

तर मेसेज वाचत गेलो. "कस्टमरकडनं डेव्हिएशनची मंजुरी यायच्या." प्रतीक्षाधीन. "आजचं प्रॉडक्शन, पहिली पाळी." नियतकालिक. "पॅकिंग करताना अमुक मापाचीच पेटी वापरावी." स्थायी आदेश, आणि हे ग्रुपवर कशाला, भिंतीवर लाव की. "हीट नंबरचं टेस्ट सर्टिफिकेट." अभिलेख. "गाडी नंबर अमुक, ई-वे बिल आज रात्री संपतंय." आप्पा म्हणाले हे आजचं, उठ आणि फोन लाव आधी. मी म्हटलं आप्पा ते परवाचं आहे, झालं ते. "मग अजून का दिसतंय इथं?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग ड. गुड मॉर्निंग ड. केक ड. दोन हात जोडलेले ड. 'नोटेड सर' ड, त्याच्याखाली अकरा 'नोटेड सर', सगळे ड. कुठल्यातरी डॉक्टरचं कोमट पाण्याबद्दलचं व्याख्यान ड. साहेबांनी रात्री साडेअकराला टाकलेलं यशाचं रहस्य, तिथं मी जरा घुटमळलो, आप्पा म्हणाले साहेबाचं असलं तरी ड.

ड चा गठ्ठा सगळ्यात मोठा निघाला. आप्पांना त्याचं नवल वाटलं न्हाई, म्हणाले आमच्यात पण तसंच असायचं. फरक एवढाच की सरकारात अ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ब चे तीस वर्ष, आणि ड चे वर्षभर ठेवून फाडायचे असा नियम आहे आणि फाडायचं कामच असतंय ते, वेळ काढून करायचं. आम्ही फाडत न्हाई, मोठा फोन घेतो. माझा १२८ जीबीचा भरला म्हणून दुकानात गेलो तर तो पोरगा म्हणतोय काका २५६ घ्या.

आपल्याकडं पुराच्या वेळी हे सगळ्यांनी अनुभवलंय, फौंड्रीत नसणाऱ्यांनी सुद्धा. मी राहतो गावात आणि कामाला जायचं पंचगंगेच्या पलीकडं. पाणी वाढायला लागलं की दर तासाला नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फोनवर येते, एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका, हे कोल्हापुरात बालवाडीतल्या पोराला पण पाठ आहे. राधानगरी धरणाची सात स्वयंचलित दारं, एकेक उघडलं की १४२८ क्युसेक, ते पण पाठ. अधिकृत मेसेजमधे तारीख आणि वेळ असते. पण लोक तेवढीच ओळ कापून पुढं पाठवतात, 'बंधारा ४२ फूट ८ इंच', कधीचं ते न्हाई. २०२१ च्या जुलैत एका सकाळी माझ्याकडं चार ग्रुपवर चार वेगळ्या पातळ्या होत्या, चारही खऱ्या, चार वेगळ्या वेळेच्या. त्यात कुणीतरी सांगली फाट्याजवळ हायवेवर पाणी आल्याचा २०१९ चा फोटो फिरवला. आता पाणी दोन्ही वर्षी आलेलं, त्यामुळं फोटो खोटा पण म्हणता येईना आणि खरा पण. शेवटी काय केलं, शिरोलीत राहणाऱ्या आमच्या एका वेल्डरला फोन लावला, तो घराबाहेर जाऊन बघून आला आणि म्हणाला, "येऊ नका भावा." दीडशे मेसेजनी जे झालं न्हाई ते एका फोननं झालं.

बाहेरच्या देशात कायदे झालेत म्हणतात. फ्रान्समधे २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडायच्या हक्कावर कामगारांशी बोलणी करावी लागतात. जर्मनीत फोक्सवॅगननं २०११ मधे काही कामगारांपुरतं असं ठरवलं की पाळी संपल्यावर अर्ध्या तासानं त्यांच्या फोनवर ऑफिसचे ई-मेल जायचेच बंद. डाइमलरनं २०१४ मधे तर सुट्टीवर गेलेल्याला आलेला ई-मेल आपोआप पुसायची सोय दिली, पाठवणाऱ्याला उत्तर जातं की ह्या माणसाला गाठा, न्हाईतर नंतर पाठवा. ही मला सगळ्यात आवडली, कारण ओझं पाठवणाऱ्याच्या डोक्यावर परत जातं. आपल्याकडं सुप्रिया सुळे यांनी २०१८ मधे लोकसभेत असं खाजगी विधेयक मांडलेलं. चांगलंच आहे. पण आमची भट्टी तीन पाळ्यात चालते, तिला सहा वाजले कळत न्हाई, आणि माझी तक्रार सहानंतरची कमी आणि नऊ ते सहाची जास्त आहे. कामाच्या वेळेतच काम दिसत न्हाई, त्याला कुठला कायदा?

आम्ही काय केलं ते सांगतो, फार मोठं न्हाई. साहेबांना समजावून नवीन ग्रुपचा निर्णय रद्द करून घेतला, ह्याला तीन आठवडे लागले. लक्ष्मीपुरीतनं एक जाडजूड फुलस्केप रजिस्टर आणलं. ऑफिसात बीकॉम झालेली एक नवीन मुलगी आहे, तिच्याकडं ते दिलं. ड्रॉईंगचा बदल, कस्टमरची तक्रार, पॅकिंगमधला बदल, असलं काहीही आलं की ती नंबर टाकते, टेबल लिहिते आणि त्या माणसाची सही घेते, फौंड्रीत चालत जाऊन घेते, हेल्मेट घालून. पॅटर्नचा फोरमन पहिल्यांदा सही द्यायला लाजत होता, आता नंबर न्हाई म्हणून कागद परत पाठवतोय. ग्रुपवर फक्त एवढंच, 'नंबर अमुक, पॅटर्न शॉप, आज'. माहितीचा ग्रुप वेगळा केला, त्यात ॲडमिनशिवाय कुणाला लिहिता येत न्हाई, त्यामुळं 'नोटेड सर' आपोआप मेले. वाढदिवसाचा वेगळा ग्रुप काढला, तो सगळ्यात जोरात चालतोय, चालू दे. मेसेज बघायच्या वेळा ठरवल्या, दहा, एक आणि साडेचार. मधे काही पेटलं तर फोन करायचा. फोन आला म्हणजे आत्ता, मेसेज आला म्हणजे सवडीनं, हे ड्रायव्हरांना तर एका दिवसात कळलं. केबिनमधल्यांना अजून कळायचंय.

सगळं सुरळीत झालंय असं न्हाई. मार्केटिंगवाला म्हणतो कस्टमर पाच मिनिटात उत्तर मागतोय, तीन वेळा बघून चालणार न्हाई, आणि त्याचं खोटं न्हाई, त्याला सूट दिली. साहेबांचं रात्री साडेअकराचं यशाचं रहस्य चालू आहे. आणि त्या मुलीच्या भावाचं लग्न निघालं, ती बारा दिवस रजेवर गेली, तर बारा दिवस रजिस्टर कोरं. आल्यावर तिनं ते उघडलं, सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "मी नसलो तर कागद यायचे बंद झाले व्हय?" कुणी बोललं न्हाई. आता तिच्या पाठीमागं दुसऱ्याचं नाव लावून ठेवलंय. पण मार्च महिन्यात त्याच हाऊसिंगचा पुढचा बदल आला, रिव्हिजन डी, तो सकाळी दहाला रजिस्टरला चढला, साडेअकराला फोरमनची सही झाली, आणि रात्रपाळीला नवीन पॅटर्न लागला. रात्री घरी सांगितलं तर आप्पा म्हणाले, त्यात काय सांगतोस, असंच असतंय.

तुमच्या पेपरबद्दल पण थोडं. सकाळचा पेपर मला अजून आवडतो कारण तो संपतो. शेवटच्या पानावर कुस्तीची बातमी वाचली की घडी घालायची. कुणीतरी रात्री बसून ठरवलेलं असतं की हे घ्यायचं आणि हे न्हाई. पण तुमचंच ॲप दिवसभर 'ब्रेकिंग' म्हणून टुंग टुंग वाजवतं, आणि त्यात गेल्या आठवड्यात एका नटीच्या कुत्र्याची बातमी होती. ज्या पानावर डिटॉक्सचा लेख त्याच पानाच्या खाली 'आमचा व्हॉट्सअप चॅनेल जॉईन करा' ही जाहिरात, हे बघून आप्पा बराच वेळ हसत होते. एक विनंती आहे, पावसाळ्यात बंधाऱ्याची पातळी ॲपवर टाकाल तेव्हा चौकटीत आकड्याच्या आधी तारीख आणि वेळ टाका, आणि ती आकड्यापेक्षा मोठ्या अक्षरात. लोकांनी ओळ कापून पाठवली तरी वेळ बरोबर जाईल.

पत्र पोस्टानं पाठवतोय. पोच द्यायची गरज न्हाई, छापलं तर दिसेल. नाव छापू नका, आमचे साहेब पेपर वाचतात, मेसेज वाचत नसले तरी.

आपला,
शिरोलीचा एक डिस्पॅचवाला, कोल्हापूर

ता. क. : पत्राची झेरॉक्स आप्पांनी मागून घेतली, वर लाल पेनानं 'स्थळप्रत', म्हणजे आपल्याकडं ठेवायची प्रत, असं लिहिलं आणि गठ्ठ्यात घातली. कुठल्या गठ्ठ्यात ते विचारलं तर सांगत न्हाईत.